भर वैशाखात बर्फ

बाहेर पारा अडतीस-एकोणचाळीसच्या घरात, अंगाची लाही लाही होते आहे, आणि अशा वेळी भिंतीवर टांगलेल्या यंत्रातून बर्फाचे खडे टपटप गादीवर पडू लागले, तर शहाण्या माणसाने काय समजावे? भोळ्याला वाटेल, यंत्र आज भलतेच जोरात आले आहे. गारवा इतका झाला की त्याचा थेट बर्फच झाला! पण हात वर करून पाहावे तो झुळुकीचा पत्ता नाही. खोली भट्टीसारखी, आणि यंत्र मात्र एकटेच हिमालयात जाऊन बसलेले.

घरोघरी एअर कंडिशनर आल्यापासून हा चमत्कार इतका नित्याचा झाला आहे की, उन्हाळ्यात या सदराकडे येणाऱ्या पत्रांत तो हटकून असतो. मराठीच्या प्राध्यापकाने कवितेतल्या हिमवर्षावाबद्दल लिहावे, यंत्रातल्या बर्फाशी त्याला काय कर्तव्य, असे आमच्या स्टाफरूममधले सहकारी म्हणतात. म्हणोत बापडे. एखादी गोष्ट मला समजली आहे की नाही, हे ती साध्या मराठीत सांगता येते की नाही यावरूनच मला कळते. आणि ही गोष्ट समजून घ्यायला मला चांगलेच भाग पडले, ते का ते पुढे येईलच.

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याचे रडगाणे कशाला, असे मात्र म्हणू नका. आश्विनातला उकाडा सरला आहे, घरात झाडलोट चालू आहे, माळ्यावरची पितळी भांडी खाली आली आहेत, कोळिष्टके निघाली आहेत. या धामधुमीत भिंतीवरच्या त्या पांढऱ्या पेटीकडे फार तर एक ओले फडके फिरते. आणि एप्रिल उजाडला की सगळे शहर एकदम मेकॅनिकला फोन करते व तो बिचारा ‘परवा येतो’ म्हणतो. त्याचा परवा कधी उगवतो, हे आपण सारे जाणतोच.

प्रथम या यंत्राचे मूळ काम कोणते, ते पाहू. आपल्याला वाटते, माणसाला गार वाटावे म्हणून ते कोणी शोधून काढले असेल. तसे नाही. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्याची तक्रार होती की, हवेतल्या दमटपणाने कागद फुगतो, आणि एका रंगावर दुसरा रंग बरोबर बसत नाही. विलिस कॅरियर नावाच्या पंचवीस वर्षांच्या इंजिनियरने त्यावर तोड काढली : हवा थंड वेटोळ्यांवरून न्यायची, म्हणजे तिच्यातले पाणी दवासारखे वेटोळ्यांवर जमून गळून जाते. म्हणजे आपल्या हातातल्या या रंगीत अंकाच्या पूर्वजांसाठी ही युक्ती निघाली. माणसांची सोय मागाहून झाली. मुद्दा एवढाच की यंत्र चालू आहे तोवर त्याच्या पोटातल्या वेटोळ्यावर पाणी हे असणारच. ते नळीवाटे गॅलरीत ठिबकते तोवर सारे ठीक. ते तिथल्या तिथे गोठते, तेव्हा प्रश्न उभा राहतो.

बर्फाचे आणि या यंत्राचे आणखी एक जुने नाते आहे. ‘दीड टनाचा एसी’ असे आपण म्हणतो, तो टन कशाचा? एकदा एका लग्नात मी हा प्रश्न टाकला, तर एका गृहस्थांनी तो यंत्राच्या वजनाचा असल्याचे ठामपणे सांगितले. तो टन बर्फाचा आहे. एक टन बर्फ, म्हणजे अमेरिकन हिशेबाने २,००० पौंड, सुमारे ९०७ किलो, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी खोलीतून काढून बाहेर टाकण्याची ताकद म्हणजे एक टन. बर्फ हाच एके काळी गारव्याचा बाजार होता. १८३३ साली बोस्टनहून कलकत्त्याला भुशात गुंडाळलेला बर्फ जहाजाने आला. निघताना तो १८० टन होता, चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन उरला, आणि तरीही धंदा झाला. मागाहून मुंबईतही बर्फ साठवण्याची खास इमारत उभी राहिली होती. साहेबाच्या पेल्यात तो वितळत गेला आणि टन हा शब्द तेवढा मागे राहिला.

आता यंत्राच्या पोटात काय चालते ते. माठातले पाणी पाझरते, उडून जाते आणि जाताना माठाची उष्णता घेऊन जाते, हे आपण लहानपणी शिकलो. एअर कंडिशनरमध्ये हीच क्रिया बंद नळ्यांत चालते. फक्त पाण्याऐवजी दुसरा एक पदार्थ असतो, त्याला बाजारात ‘गॅस’ म्हणतात. हल्लीच्या बऱ्याच यंत्रांत आर-३२ नावाचा असतो. तो आतल्या वेटोळ्यात, म्हणजे कॉइलमध्ये, द्रव होऊन येतो, तिथे उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता खोलीतल्या हवेकडून घेतो. मग बाहेरच्या पेटीतला कॉम्प्रेसर ती वाफ ओढून घेतो, दाबतो, तिची उष्णता बाहेर फेकतो, पुन्हा द्रव होतो, पुन्हा आत. म्हणजे हा गॅस जळत नाही, झिजत नाही, खर्च होत नाही. स्कूटरमध्ये पेट्रोल भरावे तसा तो दरवर्षी भरण्याचा पदार्थ नव्हे. हे वाक्य आमच्या गृहिणींनी फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवायला हरकत नाही.

‘उकळतो’ म्हटल्यावर दचकू नका. उकळणे म्हणजे शंभर अंश हे पाण्यापुरते, आणि तेही समुद्रसपाटीला. कुकरमध्ये दाब वाढला की तेच पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. उलट महाबळेश्वरला, सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर, ते ९५-९६ अंशांनाच उकळते, आणि सहलीला गेलेल्या बायका पातेल्यातल्या डाळीच्या नावाने बोटे मोडतात. दाब अधिक तर उकळी उशिरा, दाब कमी तर उकळी लवकर, एवढे सूत्र ध्यानात ठेवा. आर-३२ मोकळ्या हवेच्या दाबाला उणे ५१.७ अंशांना उकळतो. यंत्रात त्याच्यावर एवढा दाब राखलेला असतो की त्याने पाच-दहा अंशांच्या आसपास उकळावे. तिथे दव जमते, बर्फ जमत नाही. हा दाब काही कारणाने खाली घसरला की उकळी शून्याच्या खाली होते, आणि दवाचा बर्फ होऊ लागतो.

दाब घसरण्याची कारणे मुख्यतः दोन, आणि साऱ्या गोंधळाचे मूळ ही दोन एकमेकांसारखी दिसतात यात आहे. गॅस कुठून तरी गळून कमी झाला, हे एक. उष्णता आणून देणारी हवाच कॉइलपर्यंत पुरेशी पोचत नाही, हे दुसरे. दुसऱ्या प्रकारात गॅस अगदी भरपूर असतो; पण त्याला उकळायला इंधनच मिळत नाही. कॉम्प्रेसर आपला ओढतो आहे, वाफ पुरेशी तयार होत नाही, दाब खाली, तापमान खाली, दवाचा बर्फ. बर्फ जमला की पत्र्याच्या पातळ पानांमधल्या फटी बुजतात, म्हणजे हवा आणखी कमी, म्हणजे बर्फ आणखी जास्त. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखे हे वाढत जाते. आणि एस्किमो लोक बर्फाच्या घरात ऊब धरून राहतात, हे विसरू नका. बर्फाचा थर हा दुलईसारखा असतो. कॉइल आत गारठून मरते आणि खोलीला त्याची खबरही लागत नाही.

किती हवा लागते? जुना ठोकताळा असा की एका टनाला मिनिटाला ४०० घनफूट. दीड टनाला ६००. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली १,२०० घनफुटांची. म्हणजे खोलीतली सारी हवा दर दोन मिनिटांनी एकदा त्या पेटीतून आत जाऊन बाहेर यायला हवी. तिच्या तोंडावर आपण कपाट उभे करतो, पेल्मेटचा पडदा सोडतो, वर धुळीने माखलेली जाळी. मग बर्फ नाही होणार तर काय होणार?

हे सारे मी शिकलो ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या निमित्ताने. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. ठाण्यातल्या आमच्या साऱ्या इमारतीच्या त्या ‘बाई’च. काकांना अर्धांगाचा झटका आलेला, उजवी बाजू गेलेली, चोवीस तास अंथरुणावर. उन्हाळ्यात त्यांची खोली थंड ठेवा, असे डॉक्टरांनी बजावले, म्हणून २०२१ साली बाईंनी फंडाच्या पैशांतून एक टनाचे यंत्र घेतले. दोन उन्हाळे बरे गेले. २०२३ च्या एप्रिलात बर्फ झाला. एका दुकानाचा मेकॅनिक आला, मीटर लावला, म्हणाला, “आजी, गॅस कमी झालाय.” गॅस भरला, अडीच हजारांवर पैसे घेतले. २०२४ च्या मार्चात पुन्हा तेच. मेच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तेच. पेन्शनीतून तीनदा. बाई हिशेबाच्या पक्क्या. तिन्ही पावत्या टाचणी लावून ठेवलेल्या.

बरे, बाई अजागळ म्हणाव्यात तर तसेही नाही. दर दुसऱ्या रविवारी त्या स्टुलावर चढून जाळी काढत, नळाखाली धरून मऊ ब्रशने धूत, सावलीत वाळवून परत बसवीत. वय वर्षे बाहत्तर. जाळी स्वच्छ, तेव्हा दोष गॅसचाच, असे सगळ्यांनी धरून चालले होते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास बाईंनी आमची बेल वाजवली. “प्रोफेसर, जरा खाली येता का? ह्यांना कसंसंच होतंय.” आम्ही दोघेही धावलो. यंत्र घरघरत होते, त्याच्या तोंडाशी बर्फाची पांढरी दाढी लोंबत होती, आणि वारा शून्य. खोलीत हवा कोंडलेली. काका घामाने भिजलेले, धाप लागलेली, डोळे मात्र टक्क उघडे. बोलता येत नसल्याने ते डावा हात नुसता गादीवर आपटीत होते. आमच्या सौभाग्यवतींनी कुठल्याही शास्त्राची वाट न पाहता खिडक्या सताड उघडल्या, टॉवेल भिजवून काकांच्या मानेवर, काखेत, कपाळावर ठेवले, आणि मला टेबलफॅन आणायला पिटाळले. श्वास जरासा सावरल्यावर चाकाच्या खुर्चीत बसवून लिफ्टने त्यांना आमच्या निजायच्या खोलीत वर आणले. तेवढ्यात डॉक्टरांशी फोनवर बोलणे झाले. पहाटे चारला त्यांचा डोळा लागला. बाई मात्र खुर्चीत तशाच बसून होत्या. “तीन वेळा पैसे मोजले हो मी,” एवढेच त्या एकदा म्हणाल्या.

सकाळी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. हा गृहस्थ माझ्या वर्गात मागच्या बाकावर झोपा काढी, वर्षभरात कॉलेज सोडून आयटीआयला गेला, आणि आज त्याच्या हाताखाली सहा माणसे आहेत. व्याकरणात तो कच्चाच राहिला. पण रोग ओळखण्यात त्याचा हात धरणारा मी पाहिला नाही. त्याने आल्या आल्या मीटर लावला नाही. म्हणाला, “सर, बर्फ आहे तोवर दाब मोजून काय उपयोग? जिने चढून आलेल्याची नाडी बघण्यातला प्रकार. हवा अडली की दाब आपोआप कमीच दिसतो. लोक तो आकडा बघतात आणि गॅस ओततात.”

त्याने कॉम्प्रेसर बंद राहील अशा बेताने नुसता पंखा चालू ठेवला, खाली बादली आणि जुनी चादर मांडली, आणि चहा मागितला. बर्फ उतरायला दोन तास लागले. मग मेन बंद करून त्याने पुढचे झाकण काढले, टॉर्च मारला आणि मला वर बोलावले. “जाळी चकाचक आहे, सर. आता हे बघा.”

जाळीच्या मागे कॉइल, आणि कॉइलच्या मागे लाटण्यासारखा लांबलचक पंखा असतो; त्याला ते ब्लोअर म्हणतात. त्याच्या बारीक पात्यांच्या खाचा करंजीत सारण भरावे तशा लिंपून गेल्या होत्या. पंखा फिरत होता, पण हवा कापीत नव्हता. नुसताच दांडा फिरावा तसा. “एवढं काय असतं हो खोलीत?” त्याने बाईंना विचारले. बाईंनी विचार केला आणि त्यांच्याच ध्यानात आले. काकांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिवसातून दोनदा टाल्कम पावडर लावली जाई. ती जाळीतून सहज आत जाते. संध्याकाळी देवापुढचा धूप. आतली सारी ओल. या तिघांचा मिळून झालेला तो लेप होता.

ब्लोअर धुतला, कॉइल धुतली. पाणी काळे, मग करडे, मग स्वच्छ. यंत्र चालू केले तेव्हा पडदा हलला. आता त्याने मीटर लावला, तर दाब हवा त्याहून जास्त! बाहेरची पेटी कण्हत होती आणि वीजही पट्टीवर लिहिलेल्यापेक्षा अधिक ओढत होती. गॅस कधी कमी झालाच नव्हता. होता त्यावर दोन-तीनदा भर घातली गेली होती. त्याने सारा गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून काट्यावर ठेवला, नायट्रोजन भरून गळती नाही याची खात्री केली, अर्धा तास पंप लावून नळ्या निर्वात केल्या, आणि यंत्राच्या पट्टीवर जितके ग्रॅम लिहिले होते तितकेच तोलून भरले. वाणी साखर तोलतो तसे. तोवर मला कल्पनाच नव्हती की हा पदार्थ तोलायचा असतो. बाईंनी पावत्या काढून पाहिल्या : तिन्हींवर ‘गॅस चार्जिंग’ एवढेच, किती भरला त्याचा आकडा एकीवरही नाही.

दुसऱ्या दिवशी बाई पावत्या घेऊन त्या दुकानात गेल्या. मालकाने खुर्ची दिली, सरबत दिले, आणि पुढच्या वर्षी एक सर्व्हिसिंग फुकट करून देण्याचे आश्वासन दिले. बाई म्हणाल्या, “तुमचं फुकट मला परवडायचं नाही.” पैसे परत मिळाले नाहीत. त्यानंतरच्या, २०२५ च्या उन्हाळ्यात त्या यंत्राला एकदाही बर्फ झाला नाही. पावडर लावताना ते बंद असते, आणि ब्लोअर वर्षातून दोनदा उघडून धुतला जातो.

यावरून सारे मेकॅनिक लबाड, असा अर्थ कोणी काढू नये. कित्येकांना कोणी शिकवलेलेच नसते, आणि एप्रिलात दिवसाला दहा घरे करणाऱ्या पोराला झाकण उघडायला वेळ कुठला? शिवाय गॅस खरोखर गळतोही. खाडीकाठी आणि समुद्रकाठी खारी हवा नळ्या व पत्रे खाते. गटारातून येणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला खातो. दमट जागी काही आम्लांच्या वाफांनी तांब्यात मुंग्यांच्या वारुळासारखी सूक्ष्म बिळे पडतात, आणि त्या गंजाला त्यावरूनच नावही पडले आहे. तेव्हा गळती आहे की हवा अडली आहे, हे घरबसल्या थोडेफार ओळखता आले तर बरे. माझ्या विद्यार्थ्याने सांगितलेल्या खुणा अशा. हवा अडली असेल तर बर्फ साधारण सगळ्या कॉइलवर पसरतो, आणि बाहेरच्या पेटीला जोडलेली जाड नळीसुद्धा पांढरी पडते. गॅस कमी असेल तर बर्फ कॉइलच्या एकाच टोकाला धरतो, बाकीचा भाग कोरडा व कोमट. बाहेर बारीक नळीच्या जोडावर हिम दिसते आणि जाड नळी गार लागत नाही. जोडाशी तेलकट डाग दिसला तर गळतीचा संशय बळावतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही पाझरते. या खुणा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. पण मेकॅनिकशी बोलायला पुरतात. गळती सापडली तर ती आधी बुजवायची, मग गॅस. फुटक्या माठात पाणी भरत बसण्यात काय अर्थ?

आणखी एक लहानसे कारण आहे. कॉइलला खेटून मोत्याएवढा एक सेन्सर असतो. कॉइल शून्याजवळ आली की तो कॉम्प्रेसर थांबवतो. साफसफाईत तो जागेवरून निसटला किंवा बिघडला, तर यंत्राला थंडी वाजते आहे हे सांगणारे कोणी उरत नाही. सर्व्हिसिंगनंतर लगेच बर्फ होऊ लागला तर आधी त्याची चौकशी करावी.

रात्री १६ अंश लावून, पंखा अगदी मंद करून, दोन दुलया पांघरून निजण्याची जी नवी चाल पडली आहे, तीही बर्फाला आमंत्रण देते. पावसाळ्यातल्या गार रात्री तर विशेष. खोलीच गार झाली की हवेत द्यायला उष्णता उरत नाही, त्यातून वारा मंद. १६ लावल्याने खोली लवकर थंड होते ही समजूतही चुकीची. यंत्र आपल्या पूर्ण ताकदीनेच सुरुवात करते, मग आकडा २४ असो की १६. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडच्या नव्या यंत्रांत सुरुवातीचा आकडा २४ ठेवण्याचा नियम आहे, तो वीज वाचावी म्हणून; पण कॉइलच्या दृष्टीनेही तो शहाणपणाचा आहे. आमचे चिरंजीव हे ऐकून घेतात आणि रात्री १८ लावतात, ही गोष्ट वेगळी.

समजा बर्फ झालाच, तर पहिली गोष्ट थंडावा बंद करणे आणि रिमोटवरून नुसता पंखा, म्हणजे ‘फॅन’, चालू ठेवणे. बर्फासकट यंत्र रेटत राहिले तर न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरपर्यंत जातो. तो वाफ दाबण्यासाठी केलेला आहे, द्रव दाबायला गेला की त्याचे कंबरडे मोडते, आणि कॉम्प्रेसरचा खर्च ऐकून आपलेही. पंखाही गोठून अडकला असेल तर मेन बंद करून स्वस्थ बसावे. खाली बादली आणि जुने कापड. भिजलेले प्लॅस्टर आणि जवळचा प्लग यांच्याकडे लक्ष असू द्यावे. एक-दोन तासांत, फारच बर्फ असेल तर दिवसभरात, सारे उतरते. सुरी, उलथणे, स्क्रू ड्रायव्हर यांपैकी काहीही घेऊन बर्फ खरवडू नये. आतली पाने कागदासारखी असतात आणि एक नळी फुटली की नसलेली गळती आपणच निर्माण केली. गरम पाणी ओतण्याचा आचरटपणा तर करूच नये. तिथे विजेच्या तारा आहेत. बर्फ उतरल्यावर मेन बंद करून जाळी धुवावी, वाळवावी, समोरचा अडथळा दूर करावा आणि पंखा जोरात ठेवून यंत्र चालवून पाहावे. पुन्हा बर्फ झाला तर मेकॅनिक. आणि तो ‘गॅस’ म्हणाला तर दोनच प्रश्न : ब्लोअर उघडून पाहिलात का, आणि किती ग्रॅम भरणार? आमच्या इमारतीतल्या बायका आता हे दोन प्रश्न पाठ म्हणतात.

गॅसशी स्वतः खेळ मात्र नको. आर-३२ थोडासा ज्वालाग्राही आहे. आणि काही यंत्रांत आर-२९० असतो, तो म्हणजे प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या गॅसचा सख्खा भाऊ. जोड डागायला ज्योत पेटवण्याआधी तो पूर्ण काढलेला असला पाहिजे. हे काम जाणत्याचे. त्या वेळी खिडक्या उघड्या ठेवणे आणि मुलांना तिथून हाकलणे, एवढे आपले.

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्यांनी यंत्रावर सारा भार टाकू नये. उन्हाळ्याआधीच दुसरी गार खोली, शेजाऱ्याचे घर, एक टेबलफॅन आणि डॉक्टरांचा नंबर यांचा विचार करून ठेवावा. नुसत्या पंख्याचीही मर्यादा आहे : खोलीचे तापमान चाळिसाच्या वर गेले की पंखा अंगावर गरम वाराच घालतो.

दिवाळीच्या साफसफाईत एवढे करा. जाळी धुऊन वाळवा. ब्लोअरमध्ये टॉर्च मारून पाहा. खाचा बुजलेल्या दिसल्या तर आताच माणूस बोलवा, आता तो फावल्या वेळात येतो आणि झाकणही उघडतो. मग एखाद्या कोरड्या दुपारी तासभर नुसता पंखा चालवून आतली ओल घालवा, म्हणजे मार्चात पहिल्यांदा सुरू करताना खोलीभर कुबट वास सुटत नाही. बाहेरच्या पेटीत कबुतराने संसार थाटला आहे का, ते बघा. मेन बंद करा. आणि रिमोटमधले सेल काढून ठेवा. ते चार महिने आत राहिले की पाझरतात, आणि ऐन उन्हाळ्यात यंत्र ठणठणीत असून रिमोटच मेलेला निघतो.